देश ठरला की सांगतो

२ मार्च, सोमवार
ठरलं. परदेशात राहायचं. आज ऑफिसचा मेल आला की यापुढे कुठूनही काम केलं तरी चालेल. 'कुठूनही' या शब्दाचा अर्थ बाकीच्यांनी बेडरूम असा घेतला. मी भिंतीवर जगाचा नकाशा लावला.

मी मिक्सर, इस्त्र्या आणि हीटर यांच्या माहितीपुस्तिका लिहितो. 'वापरण्यापूर्वी सूचना काळजीपूर्वक वाचा' हे वाक्य माझं. ते कुठल्या कुठल्या देशांत पोचलं, आणि मी मात्र बसस्टॉपच्या पुढे गेलो नाही. आता बास.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही फिजिओथेरपिस्ट. तिच्या क्लिनिकच्या मोठ्या बाई निवृत्त होताहेत आणि क्लिनिक तूच चालवायला घे म्हणून हिच्या मागे लागल्यात. उत्तर महिनाअखेर द्यायचंय. मी म्हटलं, घाईने होकार देऊ नकोस, पुढच्या महिन्यात आपण कुठे असू कुणी सांगावं! ही म्हणाली, बरं, तुझा देश ठरला की सांग. आणि लगेच उठून मोठ्या बाईंना फोन करायला आत गेली. बहुधा मुदत मागायला.

इतकी समजूतदार बायको मिळायला भाग्य लागतं. पण म्हणजे तिचं क्लिनिक आता माझ्या निर्णयावर अडलंय. महिनाअखेरच्या आत देश ठरवणं आलं.

३ मार्च, मंगळवार
देशांची नावं इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं की दृष्ट लागते. तीन निवडलेत: थंडवाला, बेट आणि डोंगरवाला.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. मी म्हटलं, बाबा, हे रिमोट वर्क आहे. ते म्हणाले, माहीत आहे, आमच्या वेळी याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचे. मग विचारलं, पासपोर्ट कुठे आहे? म्हटलं, आधी देश, मग बारीकसारीक गोष्टी.

लेकीला सांगितलं की मी गेलो की माझी कामाची खोली तुझी. (आपण सगळेच जाणार, तर तिला इथली खोली कशाला, हे नंतर लक्षात आलं. पण ती खूश झाली होती.) दहा मिनिटांत टेप घेऊन आली आणि माझ्या टेबलाभोवती मापं घ्यायला लागली.

५ मार्च, गुरुवार
आमच्या धंद्याचा एक नियम आहे. स्वतःच्या हाताने करून पाहिल्याशिवाय पुस्तिकेत एकही पायरी लिहायची नाही. झाकण फिरवा असं लिहायचं तर आधी झाकण फिरवून बघायचं. देशालाही हाच नियम लावणार. प्रत्येक देशाची घरीच आठवडाभर ट्रायल घ्यायची. तिथली वेळ, तिथली हवा, तिथला दिनक्रम. लोक आधी जातात आणि मग रडत परत येतात. मी आधी अनुभव घेणार आणि मग जाणार.

ही कल्पना कुणालाच कशी सुचली नाही?

सोमवारपासून थंडवाला.

९ मार्च, सोमवार
थंडवाला सुरू. एसी सोळावर. दोन स्वेटर, कानटोपी, हातमोजे. हातमोजे घालून टाइप करता येत नाही, ही माहिती कुठल्याही पर्यटन पुस्तकात सापडणार नाही. ट्रायलचा पहिलाच फायदा.

दुपारी बाबा आत आले, मला बघितलं आणि दार लावून गेले. बाहेर त्यांनी हिला विचारलं की याला ताप आहे का. ही म्हणाली, नाही, परदेशात आहे.

११ मार्च, बुधवार
सर्दी. घसा बसला. हिने काढा करून दिला आणि एसीचा रिमोट पर्समध्ये टाकून क्लिनिकला घेऊन गेली. प्रशासनाने असा हस्तक्षेप केल्यावर निष्पक्ष ट्रायल कशी होणार? थंडवाला बाद. दोष माझा नाही. त्या देशाची हवाच बरी नाही.

१४ मार्च, शनिवार
ही डबा विसरली, म्हणून क्लिनिकवर नेऊन दिला. क्लिनिक आमच्या ऑफिसच्या समोरच्याच फुटपाथवर. दारातच एक रंगारी शिडी लावून बोर्ड रंगवत होता. लोकांनी आत जायचं कुठून? शिडीखालून वाकून गेलो, येतानाही तसाच आलो. चांगल्या शर्टाच्या खांद्यावर निळा थेंब. डाग जाणार नाही, असं तोच वर तोंड करून सांगत होता. मी वर बघितलंही नाही. अशा माणसांच्या तोंडी लागायचं नसतं.

आपल्याकडे शिस्तच नाही. जाण्याचा निश्चय आणखी पक्का झाला.

१६ मार्च, सोमवार
बेट सुरू. मुक्काम गॅलरीत. अर्धी चड्डी, गॉगल, टेबलफॅन (समुद्राचं वारं). लॅपटॉपवर बेटाची वेळ आणि बेटाचं नाव लावलं. मीटिंगच्या पडद्यावर माझ्या मागे समुद्र.

खोलीतून गॅलरीत टेबल हलवलं, तर मागे लगेच लेकीचं कपाट आत आलं. इतक्या तत्परतेने ती शाळेची वह्यापुस्तकं आवरत नाही.

१८ मार्च, बुधवार
बेट अप्रतिम! तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. सकाळी लवकर उठणं मला जमलं नाही, पण ती बाब गौण आहे. मुख्य म्हणजे दुपारी अडीचलाच तिथे पाच वाजतात आणि मी लॅपटॉप मिटतो. इतकं सुखाचं आयुष्य मी कधी जगलो नव्हतो. उन्हात स्क्रीन दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांवर ताणही येत नाही.

बाबा म्हणाले, गॅलरीत बसणारच आहेस तर कावळे हाक.

२० मार्च, शुक्रवार
ऑफिसातल्या साहेबबाईंचा फोन. कॅलेंडरवर माझी वेळ बदललेली दिसली, म्हणून विचारत होत्या की गेलास का रे खरंच, आणि बोलला नाहीस ते! मी म्हटलं, हवा छान आहे. ते खरंच होतं, फॅन तीनवर होता. त्या म्हणाल्या, काय धाडसी आहेस तू! सगळ्या टीमला सांगते. खुलासा करायचा विचार मनात आला होता. पण समोरच्याचा उत्साह मोडणं मला जमत नाही.

टीममधल्या सगळ्यांचे मेसेज आले. हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, पुरे आता, हात दाखवून अवलक्षण होईल. बायकांना यश पचत नाही.

देश ठरला: बेट. डोंगरवाल्याची ट्रायल नको. आपल्याला चढणं नाही जमत. हिला आज सांगणार होतो, पण ती फार दमून आली होती, तोंडावर मात्र हसू होतं. हल्ली ती बेटाच्या बातमीशिवायच खूश असते. रविवारी सांगू.

२२ मार्च, रविवार
राहून गेलं. दुपारी झोप लागली. बेटावर तेव्हा संध्याकाळ होती.

२३ मार्च, सोमवार
थोडी अडचण.

साहेबबाई म्हणाल्या, तू तिथेच आहेस हे फार बरं झालं. बेटावरचा आपला डीलर कटकट करतोय. मी लिहिलेली पुस्तिका वाचून लोक मिक्सरचं झाकण लावतात आणि मग ते निघतच नाही. गुरुवारी त्याच्या दुकानात जाऊन ये. त्याला म्हणे मी जेवायलाही हवाय.

झाकण उजवीकडे फिरवा असं मीच लिहिलंय. त्या आठवड्यात सॅम्पल आलंच नव्हतं, म्हणून फोटो बघून लिहिलं होतं. एवढी एकच पायरी कधी नव्हे ती न करता लिहिली, आणि नेमकं तिचंच झाकण अडकलं.

पण घाबरण्याचं कारण नाही. उलट ही संधी आहे. खरोखरच जाऊन येतो!

२४ मार्च, मंगळवार
पासपोर्ट सापडला. बाबांनीच काढून दिला, लेकीच्या लहानपणीच्या झबल्यांखालून. मुदत संपली तेव्हा ती रांगत होती. फोटोतल्या माणसाला दाट केस आहेत आणि तो कुणाकडे तरी विश्वासाने बघतोय.

बाबा म्हणाले, वरातीमागून घोडं. मग म्हणाले, घोडंही नाही, नुसता लगाम. पुढे ते बराच वेळ हसत होते. स्वतःच्या मुलाला हसावं, तेही इतक्या मोठ्याने!

तोडगा सापडला आहे. बेटावर वादळ. रस्ते बंद. डीलरकडे जाता येत नाही. उद्याच्या मीटिंगमध्ये सांगतो.

२५ मार्च, बुधवार
मीटिंग. साहेबबाई आणि सगळी टीम पडद्यावर. मी गॅलरीत, मागे समुद्र. वादळाचं वर्णन उत्तम जमलं होतं. माडांपर्यंत आलो होतो.

तेवढ्यात समुद्रातून बाबा आले. आधी डोकं, मग हातातली बादली, मग ओली चादर. त्यांना दोरीवर चादर टाकायची होती आणि मी दोरीखाली बसलो होतो. साहेबबाईंनी नमस्कार केला आणि विचारलं, अरे वा, काका, तुम्हीपण बेटावर? बाबा म्हणाले, कुठलं बेट? ही आमची गॅलरी. तुम्ही याला ऑफिसात बोलवा हो, घरात फार पायात येतो.

मग चादर वाऱ्याने पडली ती लॅपटॉपवर. पडदा काळा झाला, पण आवाज चालू होता. सगळे हसत होते. साहेबबाई सगळ्यात जास्त.

हसल्या म्हणजे संबंध बिघडलेले नाहीत. सोमवारपासून ऑफिसात येऊन बस म्हणाल्या, आणि पहिलं काम म्हणजे ते झाकण स्वतःच्या हाताने फिरवून बघ. तेही हसतच म्हणाल्या. डीलरला फोन त्याच करणार आहेत.

२८ मार्च, शनिवार
खूप विचार केला. एक मोठा निर्णय घेतला. जेवताना सर्वांसमोर जाहीर केला. हिला म्हटलं, तुझ्या क्लिनिकसाठी मी परदेशाचा त्याग करतोय. तू खुशाल होकार दे. माझी काळजी करू नकोस.

बाबांना ठसका लागला. लेक ताटाकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

ही म्हणाली, मी होकार पहिल्याच दिवशी दिला. तू सांगितलंस आणि मी लगेच उठून फोन केला, ते विसरलास का? माझ्या नावाचा बोर्डही लागला. तू त्याच्या खालून दोनदा गेलास. खांद्यावर रंग घेऊन आलास, तरी वर बघितलं नाहीस.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. मी विचारलं, म्हणजे मी जाईन असं तुला एक दिवसही वाटलं नाही? ती म्हणाली, नाही. मग माझ्या ताटात वाढता वाढता म्हणाली, वाटलं असतं तर रडले असते. बोर्ड लागला त्या दिवशी मात्र वाटलं होतं की हा निदान वर बघेल.

जेवण संपवलं. खोलीत जाऊन बसावं म्हटलं, तर दारावर पाटी: आत येण्यापूर्वी दार वाजवा. लेकीच्या अक्षरात.

३० मार्च, सोमवार
ऑफिस. निळ्या डागाचाच शर्ट घातला. दोन खुर्च्या रिकाम्या आहेत असं कळलं होतं, एक खिडकीजवळ, एक झेरॉक्स मशीनला चिकटून. दोन्हींची आठवडा-आठवडा ट्रायल घेणार होतो. पोचेपर्यंत खिडकीची गेली. हिशोब विभागातला नवीन मुलगा लवकर येऊन बसला होता.

टेबलावर मिक्सर. झाकण डावीकडे फिरतं.

दुपारी त्या मुलाला जरा सरकायला सांगून खिडकीतून बघितलं. समोरच्या फुटपाथवरचा बोर्ड इथून स्वच्छ दिसतो. निळ्या अक्षरांत हिचं नाव, चांगलं मोठं, दुसऱ्या कुणाचं नाही. बराच वेळ बघत होतो. रंगाऱ्याचा हात सुरेख आहे, मानलं पाहिजे. हिला फोन करून सांगितलं की वर बघितलं. पेशंट होता, म्हणाली नंतर बोलते, पण फोन लगेच ठेवला नाही.

मुलाला विचारलं, माझ्याशी खुर्ची बदलतोस का? तो म्हणाला, मीही आजच बसलोय, आठवडाभर बसून बघतो, मग ठरवून सांगतो.

असली धरसोड करणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.