लंगडा राजा आणि बोलकी नदी

सर, तुमची एक चप्पल वाजायची आणि दुसरी फरफटायची. फट, सर्र. फट, सर्र. शाळेच्या शहाबादी फरशीवरून तुम्ही लंगडत वर्गात आलात की आम्ही ओळखायचो, आज चोळ राजा येणार. लहानपणी आगीत पाय भाजलेला, हत्तीने माळ घालून गादीवर बसवलेला, कावेरीला बांध घालणारा तो जुना तमिळ राजा. पुस्तकात त्याला जेमतेम दोन ओळी होत्या. तुम्ही त्याच्यावर अख्खं काव्य रचलंत आणि टेबलावर ठेका धरून आमच्याकडून पाठ करून घेतलंत. ‘नदी थांबली, लंगडा राय आला, म्हणाली, तुझा भाजला पाय, बाळा.’ अजून दाढी करताना मी ते गुणगुणतो. आणि तरी आज मला तुमचा भयंकर राग आलाय.

मी आता अबू धाबीत, अल रीम बेटावर मुलाच्या घरी राहतो. नात सातवीत आहे. तिला प्राचीन राजावर प्रोजेक्ट होतं. मी छाती फुगवून म्हटलं, लिही, मी सांगतो. गुरुवारी तिने वर्गात उभं राहून सगळं वाचलं. हत्तीपर्यंत ठीक चाललं होतं. नदी बोलायला लागली तशी वर्गातली एक तमिळ मुलगी फिसकन हसली. बाईंनी विचारलं, याला आधार काय? नात म्हणाली, ‘माय ग्रँडफादर.’ मग सगळा वर्गच हसला. कागद परत आला. सोमवारपर्यंत दोन रकाने करून आणायचे, एकीकडे इतिहास, एकीकडे दंतकथा.

“आजोबा, जस्ट टेल मी, व्हॉट इज ट्रू?”

“अगं, हत्ती नंतरच्या कथेतला, पण राजा मात्र...”

“नॉट द हत्ती! द रिव्हर! हू सेड दॅट?”

“आमच्या सरांनी.”

“अँड हू टोल्ड हिम?”

ती तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही. एरवी शाळेतून आली की बूट काढायच्या आधी तिचा एक तरी प्रश्न असायचा. मुलगा म्हणतो, “बाबा, सोडा ना. ती नेटवर बघेल, खलास.” म्हणजे माझी गरज खलास, असंच ना?

काल मी स्वतः रकाने आखून बसलो. त्याचं नाव आणि लढाया जुन्या तमिळ कवितांत आहेत, ते डावीकडे. हत्तीची माळ उजवीकडे. बांध लोक त्याचाच मानतात, तिथे प्रश्नचिन्ह. नदी कुठेच बसेना. शेवटी तुमची वही काढली. मॅट्रिकनंतर तुम्ही मला दिलेली, मी दुबईला करामातल्या खोलीपासून इथवर सांभाळलेली. ती ओळ डोळ्यांजवळ धरून पाहिली. तिथे आधी राजाची बहीण बोलत होती, ती खोडलेली. मग हत्ती बोलत होता, तोही खोडलेला. वृत्तात बसली म्हणून नदी राहिली. पन्नास वर्षं वही माझ्याजवळ, आणि खाडाखोड मला कधी दिसली नाही! खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला असताना सीलचा एक आकडा चुकला तरी मी कंटेनर अडवून ठेवायचो, सर. तुमचं मात्र कधी काही तपासलं नाही.

एकदा विचारलं होतं मी, आठवतं? “सर, हे खरंच झालं का?” तुम्ही म्हणालात, “गाढवा, तुला राजा हवाय की पंचनामा?” वर्ग हसला, मी खाली बसलो आणि पुन्हा विचारलं नाही. तुम्ही तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, की हे मी रचलंय. तरीही मी ते पाठ केलंच असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं ते लिहितो. गुरुवारी नात रडत विचारत होती तेव्हा मी तिला तुमचंच वाक्य ऐकवलं. गाढवासकट.

मध्येच बेल वाजली म्हणून उठलो होतो. आता चष्मा शोधायच्या निमित्ताने आत येऊन हे घाईघाईने लिहितोय. मला वाटलं, मुलगा जिममधून आला. दारात लुंगी नेसलेले, कपाळाला भस्म लावलेले एक म्हातारे गृहस्थ, आणि त्यांच्यामागे त्यांची नात, वर्गात हसलेली ती तमिळ मुलगी.

“अंकल, माय ताता वॉन्ट्स द रिव्हर पार्ट. ही सेज, ऑल हिज लाइफ ही नेव्हर हर्ड इट.”

माझी नात खोलीतून येऊन मागे उभी राहिली होती. मी दार अर्धवट धरूनच म्हणालो, “ते राजाचं नाही. आमच्या सरांनी रचलेलं आहे. मी ते खरं म्हणून सांगितलं, चूक माझी.” नातीनेच ते इंग्रजीत त्यांना सांगितलं, मुलीने तमिळमध्ये. म्हातारे माझ्याकडे बघून मान डोलवत राहिले, जायचं नाव घेईनात. तेव्हा नातीने माझा हात कडीवरून बाजूला केला आणि दार पूर्ण उघडलं.