तळेगावात मी का बसलो नाही

लोणावळे,
माघ वद्य पंचमी, शके १८५७

तीर्थस्वरूप मावशीस,

गोपूचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जमिनीला टेकवून केलेला आहे, धोतर नेसून. हे मुद्दाम लिहितो, कारण मला वाकता येत नाही अशी बातमी वडगावापर्यंत पोचलेली दिसते.) इकडे सर्व ठीक. तिकडे तुझी सर्दी, काकांचे गुडघे आणि म्हैस यांचं कसं काय? रेडी झाली की टोणगा? खरवस झाला असेल, खाऊनही संपला असेल. असो.

तुझं कार्ड काल मिळालं. उघडं कार्ड लिहू नकोस म्हणून तुला किती वेळा सांगितलं! माझ्या हातात येण्याआधी पोस्टमननं ते वाचलं, खाणावळीच्या शालूबाईंनी वाचून घेतलं, आणि मी जेवायला गेलो तर वाढता वाढता त्याच मला विचारतात की मुलगी पसंत नव्हती तर गेलात कशाला? तू लिहितेस की मी तळेगावकरांच्या घरी बसलोसुद्धा नाही, वडीलमाणसांना वाकलो नाही, असा अपमान त्या घराचा कधी कुणी केला नव्हता, आणि आता ते सोमवारी चिंचवडच्या स्थळाला होकार कळवणार. कळवू देत. माझं काही नाही. मुली छप्पन्न मिळतील. पण माझ्यावर उद्धटपणाचा आळ आलेला आहे आणि तो मी सहन करणार नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. (मध्येच अक्षर बिघडलं तर समजून घे. दोन ओळी लिहितो, उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येतो. कालपासून एका जागी ठरत नाही.)

याला मूळ कारण आमचे नवे मॅनेजर. तुला ठाऊक आहे, आमच्या शेठचे इथे बंगले आहेत, ते मुंबईची माणसं हवा खायला येतात त्यांना भाड्यानं द्यायचे, आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन ते दाखवत हिंडायचं हे माझं काम. आजवर मी धोतर, कोट नि टोपी घालून हिंडलो, कुणाचं काही अडलं नाही. पण मागच्या महिन्यात एका भाडेकरू बाईंनी मला बंगल्याच्या दारात पाहिलं आणि आज कसली पूजा आहे म्हणून विचारलं. झालं! दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला की कारकुनांनी पाटलोण घालूनच कामावर यावं. आता लोणावळ्याच्या बाजारात शिंपी एक दत्तोबा. त्याचा हात बंड्यांवर आणि आमच्याच बंगल्यांच्या गाद्यांच्या खोळींवर बसलेला, त्यामुळे त्यानं दोन उशांच्या खोळी वरून जोडाव्यात तशी ती काळी वस्तू बनवली. माप घेतलं तेव्हा मी उभा होतो. बसल्यावर माणसाचं माप बदलतं हे ना त्याला सुचलं ना मला. नेऊन दाखवली तर म्हणतो कसा, "उभ्यानं लय झाक दिसतंय. बसू नका, म्हंजे झालं."

बसू नका! अगं, माणसानं पाटलोण घालून जगायचं तरी कुठे? आपलं सगळं आयुष्य जमिनीवर. जेवण पाटावर, पूजा पाटावर, पाहुणा आला तर सतरंजीवर, हजामत करून घ्यायची तरी न्हाव्यासमोर उकिडवं बसायचं. पहिल्या दिवशी मी आत धोतर तसंच ठेवून वरून पाटलोण चढवली (उघड्यावर आल्यासारखं वाटतं गं त्याशिवाय), तर कचेरीत शिरताना दोन्ही दारं उघडावी लागली. दुसऱ्या दिवसापासून धोतराला रजा दिली, तर गार वारा कुठून शिरतो तेच कळेना. दुपारी शालूबाईंकडे खिडकीच्या फळीवर ताट ठेवून उभ्यानं जेवतो, आणि बाकीची पंगत खालून माझ्याकडे असं बघते की घास उतरत नाही. आमचा शिपाई कोंडाजी (औंढ्याचा, जुना माणूस) पहिल्या दिवशी माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "भाऊ, ह्ये चांगलंच हाये, पर ह्येच्यात मानूस ऱ्हातो कुटं?"

मग ही घालून तळेगावला गेलास कशाला, असं विचारशील. मावशी, हात जोडून सांगतो, तूच लिहिलं होतंस! 'चांगला कचेरीतला मुलगा दिसला पाहिजेस, धोतर नेसून भिक्षुकासारखा जाऊ नकोस.' आणि बरोबर यायची ती तू, तर ऐन वेळी म्हैस आडवी आली. म्हणून एकटा गेलो. गाडी कामशेतला थांबली. मी डब्याच्या दारात उभा (बसायची सोय नव्हतीच, डबा रिकामा होता तरी). फलाटावर एक म्हातारी, पुढ्यात तांदळाची ही एवढी पाटी, मला म्हणाली, "दादा, वाईच हात लावा की." आता पाटीला हात लाव म्हटल्यावर कुणी नाही म्हणतं का? उतरलो, वाकलो, पाटी तिच्या डोक्यावर दिली, आणि मागून असा आवाज झाला की शेवटच्या डब्यातल्या गार्डानंसुद्धा मान वळवली असेल. म्हातारीनं पाटीखालून माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काय तरी फाटलं बगा," म्हणाली, आणि देव तुमचं भलं करो म्हणून निघून गेली. काय फाटलं आणि कुठवर, ते तुला लिहीत नाही. कोट आखूड, कारण हल्ली आखूडच शिवतात म्हणे. आत धोतर नाही. तिथून परत फिरायचं, तर समोरून गाडीच नव्हती, आणि न जावं तर तू जिवंत सोडली नसतीस.

तर मी तळेगावात त्या घराच्या दारात उभा राहिलो तो हा असा. सोप्यावर स्वच्छ गादी, लोड, तक्के. मुलीचे वडील, काका, आणि मधोमध आजोबा. आजोबा म्हणजे तळेगावचे नामांकित वैद्यबुवा. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण निदान चुकत नाही अशी ख्याती. त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. मी आत शिरलो तो मागच्या मागे सरकत एकदम भिंत गाठली आणि पाठ टेकवली. बसा, म्हणाले. म्हटलं, बरा आहे. पुन्हा बसा म्हणाले. म्हटलं, गाडीत बसूनच आलो. आजोबांना नमस्कार करायचा तर तो भिंतीपासूनच हात जोडून केला. पोहे आले ते उभ्यानं खाल्ले. मग मुलगी आली. ती बसली, सगळे बसलेले, आणि मी एकटा भिंतीला चिकटून सगळ्यांच्या डोक्यावर, शाळा तपासायला आल्यासारखा! वडील म्हणाले, विचारा काही. मला काय सुचणार? मी विचारलं, ही भिंत पक्क्या विटांची का? ती म्हणाली, "हो, पण जोर देऊ नका." एवढंच बोलली, आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली. तिलाही राग आला असणार. निघताना मी सगळ्यांना नमस्कार करत करत उलट्या पावलांनी दारापर्यंत गेलो आणि तसाच पायऱ्या उतरलो.

इथवर असतं तर मी झाकली मूठ ठेवली असती. पण मंगळवारी भर कचेरीत, मॅनेजर समोर, दोन भाडेकरू समोर, तळेगावाहून वैद्यबुवांचा माणूस पुडी घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "मूळव्याधीचं औषध कुणाचं?" मावशी, त्यांनी निदान केलं होतं! जो माणूस इतका आग्रह करूनही बसत नाही, वाकत नाही, जपून पावलं टाकतो, त्याला दुसरं काय असणार? चूर्ण सकाळ-संध्याकाळ ताकातून, सुरण भरपूर, मिरची वर्ज्य. मॅनेजरनं मला त्या दिवसापासून 'बसा' म्हणायचंच सोडलं. कोंडाजीनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की त्याच्या सासऱ्यालाबी ह्येच हाये, लाजायचं न्हाई. पुडी मी त्यालाच देऊन टाकली.

आता तूच सांग, मी काय करू? खरं कबूल करावं, तर त्यांच्या मुलीसमोर कसल्या अवस्थेत तासभर उभा होतो ते सांगावं लागेल. न करावं, तर एक तर उद्धट, नाही तर मूळव्याधवाला. चिंचवडचा मुलगा आपला मजेत मांडी घालून बसला असेल. बसू दे. मला त्याचं काही नाही. काकांची जुनी दोन धोतरं आणि खारातल्या मिरच्या (हो, मिरच्याच!) कुणाबरोबर तरी पाठव, एवढ्यासाठीच हे पत्र. काकांस नमस्कार, म्हशीस गोंजारणे.

तुझा,
गोपू

ता. क. — धोतरं नकोत. मिरच्याही नकोत. पत्र घेऊन पेटीपर्यंत तीनदा गेलो आणि परत आलो. मावशी, तू आधी तळेगावला जा. सोमवारच्या आत जा, म्हैस काकांच्या गळ्यात बांध, पण जा. काय हवं ते सांग, मला मूळव्याध आहे सांग, वेड आहे सांग, पण चिंचवडला होकार जाऊ देऊ नकोस. ती 'जोर देऊ नका' म्हणाली ना, तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. छप्पन्न मुलींचं मी उगाच लिहिलं. मला इंदिराच हवी.

ता. क. दुसरा — आज रविवार. पत्र अजून खिशातच आहे, म्हणून त्यातच लिहितो. सकाळी शालूबाईंकडे धोतर नेसून, पाटावर ऐसपैस मांडी घालून तिसऱ्यांदा भात घेत होतो, तो दारात वैद्यबुवा! हात धरून आणायला इंदिरा. रोग्याची खबर नाही म्हणून स्वतः आले होते. माझ्याकडे डोळे बारीक करकरून बघितलं आणि ओरडले, "बसलात! अहो, चार दिवसांत बसलात!" साऱ्या पंगतीला माझी मांडी दाखवली. औषध नेमानं घेतलंत ना, विचारलं. मी हो म्हटलं. (औषधाला गुण आहे हे खोटं नव्हे, कोंडाजीचा सासरा परवा बैलगाडीत बसून बाजाराला आला.) इतकं जुनाट दुखणं ज्याच्या अंगात इतक्या लवकर वठणीवर येतं तो मुलगा नशीबवान, तोच आमचा जावई, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला. चिंचवडला नकार जातो आहे.

मी त्यांना टांग्यात बसवून दिलं. आजोबा चढेपर्यंत इंदिरा मागे थांबली आणि हळूच म्हणाली, "आजोबांना खरं सांगू नका. फार खूश आहेत." मी म्हटलं, खरं म्हणजे कुठलं? तर म्हणते, "तुम्ही टेकून उभे होतात ती नुसती भिंत नव्हती. खाली कमरेएवढी माजघराची खिडकी होती. आत आई, आत्या, शेजारच्या चौघी आणि पाणी द्यायला आलेली मी. ती पाटलोण टाकू नका, मला द्या. दुहेरी शिवण घालते."

तेव्हा मावशी, तळेगावला जाशीलच. सोप्यावर बसशील तर मला मूळव्याध होती असं सांग. माजघरात गेलीस तर काहीच सांगू नकोस, त्या सगळं बघून बसल्या आहेत.