मांजरेतला बिननावाचा मासा

८ एप्रिल
मांजरा नदी आटली. पुलाखालच्या डोहात तेवढं पाणी. दादाराव भोयाच्या जाळ्यात बोटाएवढे मासे, शेपटीपाशी काळा ठिपका, कल्ल्यावर तांबूस पट्टी. पुस्तकात असा नाही. नाव विचारलं. "ह्याला कोन नाव ठेवतंय? एका घासात धा जातेत."
म्हणजे नाव ठेवायचं माझ्याकडं आलं. कुणाचं, ते ठरलेलंच. शिवलीला. (पुढं नुसतं शि. आई ही वही उघडते.)

११ एप्रिल
प्राणिशास्त्राच्या सरांची माफी मागितली. मासा ओळखण्यावरूनच भर वर्गात भांडून डिसेंबरात कॉलेज सोडलं, आता त्यांच्याच दारात बरणी घेऊन. लई वेळ भिंगातून बघत बसले. "लेका, तेव्हा चुकला होतास. ह्या वेळी बरोबर दिसतोस." वीस तरी मासे पाहिजेत, प्रत्येकाचे खवले, पंखांतले काटे मोजून. मग लेख लिहून कलकत्त्याला, प्राणी सर्वेक्षण खात्याकडं पाठवायचा. बरणीवर जि. उस्मानाबाद लिहिलं होतं, खोडायला लावलं. नवा लातूर जिल्हा अजून हाताला बसला नाही.

१४ एप्रिल
डोहावर टँकर. मासे संपतील म्हणून पायपावर बसलो. ड्रायव्हर म्हणे, "माणसाला प्यायला न्हाई, अन् तू माशासाठी बसून राहिलास? तुमच्याच गल्लीत चाललंय पाणी." उठलो. तेवढ्यात दादारावनं सतरा धरले होते, बरणीतले तीन मिळून वीस झाले.

१८ एप्रिल
सरांनी मोजायला शि.लाच बसवलं. ती शेवटच्या वर्षाला. घर लिंगायत, तिच्या वडलांचं, अप्पांचं, किराणा दुकान, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत नाही. नाकाला रुमाल बांधून सुईनं एकेक काटा बाजूला करते. मी लिहून घेतो. दोनदा वर बघितलं, आकडा चुकला.
"खाली बघ."

२२ एप्रिल
आज सांगितलं, नाव तुझं ठेवतोय. वाटलं लाजेल. सुई खाली ठेवली.
"माझं नाव, माशाला?"
"कायमचं राहतं. जगभर."
"अप्पा पूजेला बसलेले, अन् बाजारात कुणीतरी ओरडणार, शिवलीला घ्या, ताजी शिवलीला."
हे डोक्यातच आलं नव्हतं. गेली. अठरावा मासा तसाच, अर्धा मोजलेला.

२३, २४, २५
काही नाही. जेवलो नाही. (जेवलो, थोडं.)

२६ एप्रिल
शि. आली. उरलेले मोजले. मग, "तुझ्या लिहिण्यात दोन चुका होत्या, दुरुस्त केल्या. माशाला माझं नाव नको. वर घाल."
"वर कुठं?"
"तुझं लिहिणार तिथं. मोजलं कुणी?"
सर म्हणाले, रास्त आहे. लेखाच्या पहिल्या पानावर एका ओळीत तिचं, मग माझं. क्रमही तिनंच सांगितला. दोन नावं इतकी जवळ मी फक्त लग्नपत्रिकेत बघितलीत. ओठावर आलं होतं, गिळलं. माशाच्या नावाची जागा कोरी.

२९ एप्रिल
टाईप केलेला इंग्रजी कागद शि.नं घरी नेला, अप्पांना दाखवायला. कशाला म्हणालो. "चोरी केली का आपण?"
आपण.

१ मे
अप्पांचा निरोप. कागद कुणाकडून तरी वाचून घेतला. माशाचं काहीच विचारलं नाही म्हणे. एवढंच विचारलं, दुसरं नाव कुणाचं, अन् तो सध्या काय करतो. सहाला बोलावलंय. शर्ट तीनदा धुतला, बरणीतल्या फॉर्मलिनचा वास जात नाही. काय करतो म्हणून सांगू, आईला विचारलं. म्हणाली, कॉलेजचं काढू नको, माशाचं तर मुळीच नको.
मग उरतं काय. साडेपाच झालेत.