लाकूड पाणी पिईपर्यंत

भुसावळ,
रविवार, ८ सप्टेंबर २०२४

आदरणीय हिराजी तांडेल यांस,
देवचंदचा सप्रेम जयभीम आणि घरातल्या सगळ्यांचा नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तापीला भरपूर पाणी आहे. आमच्या प्रशीलच्या हाताची पट्टी मंगळवारी सुटली. डाव्या हाताची दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत, पण पाना धरता येतो. काल त्याने शेजारच्या तोतारामभाऊंच्या रिक्षाचं इंजिन अंगणात उघडलं आणि दुपारपर्यंत पुन्हा बसवलं. तोतारामभाऊ म्हणाले, "पाच महिने खोकत होती, आता गप्प झाली." लिलाबाई, म्हणजे माझी पत्नी, तुमची रोज आठवण काढते. ती धुळ्याकडची. तिने समुद्र पाहिलेला नाही, पण हवामानाच्या बातम्या लागल्या की ती आवाज वाढवते आणि मला बोलू देत नाही.

मी सभांमधून बोलणारा माणूस आहे. रेल्वेत छत्तीस वर्षं नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी बोदवड, यावल, पार धुळ्यापर्यंत भाषणं केली. घरात दोन कपाटं पुस्तकं आहेत. असा माणूस आभाराचं पत्र लिहायला बसला आणि महिनाभर त्याला पहिली ओळ सापडली नाही, यावर तुमचे खलाशी हसतील. हसू द्या.

आधी कामाचं लिहितो. प्रशीलला तुमच्या होडीवर परत यायचं आहे. तुम्ही त्याला फोनवर सांगितलंत, "नांगर उचलायच्या आधी होडी सोडणारा ड्रायव्हर मी परत घेत नाही. पन्नास वाव खोल पाण्यावर गेल्यावर मला तुझ्याकडे बघायला वेळ नसतो. तू इंजिनापाशी आहेस हे मला न बघता माहीत पाहिजे." त्याने हे मला जसंच्या तसं सांगितलं. तुम्हाला तो घरातही मामाच म्हणतो. वर म्हणाला, "मामांचं चुकत नाही, आप्पा." तेव्हापासून तो घरात गुपचूप वावरतो आणि शेजाऱ्यांची इंजिनं उघडतो. त्याची जागा बदलीच्या माणसाकडे आहे आणि दसऱ्यापर्यंत तुम्ही कायमचा ड्रायव्हर नेमणार, हेही मला कळलं. म्हणून हे पत्र. त्याला परत घ्यावं, अशी विनंती आहे. त्याने होडी का सोडली हे त्याने तुम्हाला सांगितलंच आहे. त्याकडे मी येतो.

त्याआधी ऋण मानू द्या.

माझ्या मुलाने इथल्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचं शिक्षण घेतलं. पण इंजिनाची काळजी कशी घ्यायची हे तो तुमच्याकडे शिकला. पहिल्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा त्याने लिलाबाईला चुलीपाशी बसून समजावलं होतं, "आई, डिझेलचे तीन वाटे. एक जायला, एक यायला, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. तिसरा मामांचा." ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "मामा पेस का डिझेल?" म्हणजे मामा डिझेल पितात का? तो इतका हसला की ठसका लागला. दूर जाताना पट्टे, गाळण्या आणि पंपाचे रबर जास्तीचे घ्यायचे, लाइफ जॅकेट बर्फाच्या पेट्यांखाली न ठेवता हाताशी टांगायची, वायरलेसवर आपली जागा सांगताना प्रत्येक आकडा दोनदा म्हणायचा, किनाऱ्यावर एका माणसाला परतीचा दिवस सांगून ठेवायचा आणि तो पाळायचा, हे सगळं तो आम्हाला सांगायचा. मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, साधी शिस्त आहे, यात विशेष काय? माझं आयुष्य मोठ्या शब्दांत गेलं, भाऊ. साध्या गोष्टीत माणसाचा जीव असतो, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

तुमची होडी सोडून तो ज्या दुसऱ्या होडीवर गेला, तिच्यात तीन ऑगस्टला पाणी भरू लागलं, तेव्हा तुमची हीच शिस्त तिथे होती. नव्या होडीवर चढल्यावर त्याने पहिलं काम केलं ते जॅकेटं पेट्यांखालून काढून टांगायचं. तिथले लोक त्याला "हिराजीची बायको" म्हणून चिडवत होते. सकाळी नऊच्या सुमारास मागच्या फळ्यांचे सांधे सुटले आणि त्यांत भरलेला कापूस निघून पंपाच्या जाळीत अडकला. तो हाताने कापूस काढायचा, पंप दहा मिनिटं चालायचा, पुन्हा अडकायचा. असं तीन तास चाललं. त्यातच पट्ट्याने बोटं सोलली. इंजिन बुडायच्या आधी त्याने वायरलेसवर जागा सांगितली. प्रत्येक आकडा दोनदा. ती तुमच्या होडीवर ऐकली गेली.

तुम्ही त्या दिवशी खाडीत होतात. तुमची होडी पाण्यात उतरून सहाच दिवस झाले होते. तुमच्या हिशेबाने ती दूर जायला तयार नव्हती. नारळी पौर्णिमेला सोळा दिवस होते. तरी तुम्ही निघालात. दोन जास्तीचे पंप घेतलेत, फळ्यांपाशी दोन माणसं सतत बसवलीत, होडी जिथपर्यंत सहन करेल तिथपर्यंतच वेग ठेवलात. दुपारी अडीच वाजता तुम्ही पोचलात. आधी आठही माणसं उतरवलीत, मग ती होडी ओढत आणायचा प्रयत्न केलात, आणि तुमच्याच होडीला ओढ बसू लागली तेव्हा दोर कापलात. त्या होडीचा मालक बंदरावर दोर का कापला म्हणून ओरडत होता. तुम्ही त्याला म्हणालात, "माणसं मोजून घे. आठ आहेत." मी तिथे नव्हतो. हे मला प्रशीलने सांगितलं, आणि सांगताना तो पहिल्यांदा रडला.

पाच तारखेला मी तुमच्या हर्णै बंदरावर आलो. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तुम्ही जेट्टीवर जाळं शिवत बसला होतात. एक खलाशी दुसऱ्याला म्हणाला, "हेच का ते भाषणवाले?" तुम्ही त्याला डोळ्यांनी गप्प केलंत, मला ताडपत्रीवर बसवलंत आणि चहा मागवलात. आधी फोनवर झालेल्या प्रकाराबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. मीही काढला नाही. तुम्ही मोठेपणाने काढला नाहीत, मी भित्रेपणाने.

आता ते लिहितो.

तीस जुलैला दुपारी मी प्रशीलला फोन केला होता. एक ऑगस्टपासून मासेमारी सुरू होते आणि तुमची होडी एकोणीस तारखेच्या नारळी पौर्णिमेशिवाय बाहेर पडणार नाही, असं तो म्हणाला. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, फोन स्पीकरवर टाक. मग मी तुम्हाला, तुमच्याच खलाशांसमोर, पाव तास सुनावलं. माणूस चंद्रावर गेला आणि तुम्ही पौर्णिमेची वाट बघता. समुद्राला नारळ कळतो का. कष्टकऱ्याचे अठरा दिवस देवाच्या नावाने बुडवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. माझ्या आवाजाला त्या दिवशी धार होती. तुम्ही सगळं ऐकून म्हणालात, "भाऊ, बोलणं चांगलं आहे तुमचं. आता पोराला फोन देतो, त्याला पंप उघडायचाय." मागे कोणीतरी हसलं. ते हसणं मला लागलं.

संध्याकाळी मी प्रशीलला पुन्हा फोन केला. दुसऱ्या एका होडीला ड्रायव्हर हवा होता आणि ती एक तारखेलाच निघणार होती, हे त्यानेच बोलता बोलता सांगितलं होतं. मी म्हणालो, त्या होडीवर जा.

तो नाही म्हणाला, हिराजीभाऊ. माझा मुलगा नाही म्हणाला. "आप्पा, नारळाचं सोडा. होडी दोन महिने किनाऱ्यावर होती. लाकूड सुकलंय, सांधे उघडलेत. ते पाणी पिऊन फुगेपर्यंत मामा दूर नेत नाहीत. ती दुसरी होडी तर उद्या पाण्यात उतरेल आणि परवा निघेल." इतकं स्पष्ट सांगितलं त्याने. मी ते ऐकलं. ऐकून मी म्हणालो, "हे तुला त्यांनी शिकवलेलं पाठांतर आहे. माझ्या घरात वाढून तू नारळाच्या मागे लपणार असशील तर मला तोंड दाखवू नकोस."

लिलाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "बठ्ठं तुमलेच समजस. समुद्र कधी देखेल शे का?" मी तिलाही गप्प केलं.

आणि एक ऑगस्टला बोदवडला जयंतीच्या सभेत मी हे उदाहरण दिलं. माझ्या मुलाने नारळाची वाट बघणारी होडी सोडली, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. त्या वेळी ते सुकं लाकूड माझ्या मुलाला घेऊन निघालं होतं.

प्रशीलने तुम्हाला सांगितलं की जास्त शिकायला मिळेल म्हणून तो स्वतःहून गेला. ते खोटं आहे. बापाचं नाव खाली पडू नये म्हणून त्याने स्वतःचं नाव पाडलं, आणि मी महिनाभर ते पडू दिलं. त्याने तुमची होडी सोडली नाही. मी ती त्याला सोडायला लावली.

जेट्टीवर चहा पिताना मी फक्त एवढंच विचारलं होतं की पौर्णिमेआधी निघालात, मग देवाचं काय? तुम्ही जाळ्यातून मान वर न काढता म्हणालात, "नारळ मी मनापासून सोडतो, भाऊ. तो माझा आणि दर्याचा व्यवहार. पण होडी नारळावर तरंगत नाही. मालकाला सांगितलं की लाकूड अजून सुकं आहे, पाणी अजून खवळलेलं आहे, तर तो मला तारीख दाखवतो. म्हणतो, सरकारने बंदी उठवली, तू कोण? त्यालाच सांगितलं की पौर्णिमा झाली नाही, तर हात जोडून गप्प बसतो."

हे वाक्य घेऊन मी भुसावळपर्यंत आलो. गाडीत माझी झोप झाली नाही. मी आयुष्यभर लोकांना कारण विचारायला शिकवलं. कोणी सांगतं म्हणून मानू नका, कारण विचारा. तुमच्याकडे कारण होतं, लाकडाएवढं ठोस. प्रशीलने ते मला सांगितलंही. मी विचारलं नाही आणि सांगितल्यावर मानलं नाही, कारण त्याच्याशेजारी नारळ दिसला. समुद्राला नारळ कळत नाही, हे मी आजही म्हणेन आणि उद्या सभेतही म्हणेन. पण न तपासता बोलणाऱ्याला मी आंधळा म्हणत आलो, तो शब्द त्या दिवशी मला लागू होता.

मागच्या रविवारी मी बोदवडला परत गेलो. त्याच मैदानात, तेवढ्या लोकांना बोलावून, हे सगळं सांगितलं. योगराज नावाचा आमचा कार्यकर्ता आहे, तो नंतर म्हणाला, "आप्पा, याने आपल्या विरोधकांच्या हातात कोलीत जाईल." मी म्हणालो, जाऊ दे. टाळ्या पडल्या नाहीत. एक म्हातारे गृहस्थ उठून जवळ आले आणि त्यांनी विचारलं, "पोरगं बरं आहे का?" इतक्या वर्षांत सभेनंतर मला कोणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता.

पोरगं बरं आहे. ते तुमच्यामुळे आहे. आमच्या दोघांच्या म्हातारपणात जे काही आता उरलं आहे, ते तुमच्या सहा दिवस भिजलेल्या होडीने ओढून आणलेलं आहे. यासाठी माझ्याकडे शब्द नाहीत असं मी म्हणणार नाही. शब्द भरपूर आहेत. ते वापरायचा हक्क वाटत नाही.

म्हणून फक्त मागणं मागतो. त्याला परत घेताना माझ्याकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. जो बापाचा अपराध स्वतःच्या अंगावर घेऊन महिनाभर गप्प राहिला, तो इंजिनापाशी आहे की नाही हे तुम्हाला मागे वळून बघावं लागणार नाही.

हे पत्र मी टपालाने पाठवत नाही. उद्या तो स्वतः घेऊन निघेल. पाकीट मी चिकटवलेलं नाही. वाटेत तो ते उघडून वाचेल, हे मला माहीत आहे. मी त्याच्यासमोर अजून हे बोलू शकलेलो नाही, तेव्हा त्यालाही ते असंच कळेल. वाचल्यावर बापाची लाज झाकायला तो ते फाडून टाकेल, अशीही भीती आहे. तसा स्वभाव आहे त्याचा. तो रिकाम्या हाताने तुमच्यासमोर उभा राहिला तर मला फोन लावा, स्पीकरवर टाका, सगळ्या खलाशांना जवळ बोलवा. मी हे सगळं पुन्हा बोलेन, आणि पाव तास घेणार नाही.

आणि त्याने हे पत्र तुमच्या हातात दिलं, तर समजा की त्याने बापाला माफ केलं. मग त्याला होडीवर घ्या.

आपला,
समुद्र न पाहता ज्याने तुम्हाला समुद्र शिकवला आणि ज्याचा मुलगा तुम्ही तिथून परत आणलात, तो
देवचंद