वहिनींच्या डोळ्यात चुना

मंगळवार, १२ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४०. वहिनींच्या डोळ्यात औषध टाकून आत्ताच बसलो.

दुपारी पानठेल्यासाठी चुन्याच्या डब्या भरत होतो. चुन्याच्या पिशवीचं कापलेलं टोक तुंबलं म्हणून ती जोरात दाबली आणि चुना समोर बसलेल्या वहिनींच्या उजव्या डोळ्यात उडाला. त्या नळाकडे धावल्या. मीच हात धरला. "पाणी नका लावू वहिनी, चुना उकळते!" कळीचा चुना दर आठवड्याला मीच भिजवतो, पाणी पडताच उकळणाऱ्या त्या खड्यांची वाफ डोळ्यांसमोर होती. पण हा तर भिजवलेलाच! कसं सुचलं नाही? वर डोळ्यात तूप घातलं. त्यात अर्धा तास गेला.

पुलगावच्या डॉक्टरांनी पापणी उलटून कण काढले, कितीतरी वेळ डोळा धुतला, मग रागावले. "चुना कोणताही असो, आधी भरपूर पाणी, मग दवाखाना. काऊन नाई धुतला?"

हात मी धरला होता.

"मीच घाबरली जी," वहिनी म्हणाल्या.

बुबुळ भाजलं आहे. नजर किती राहील, आताच सांगता येत नाही म्हणाले.

दादा कामावरून आला. आत वहिनी त्याला सांगत आहेत, "नळाले पाणीच नव्हतं." मी अजून इथंच बसून लिहितो आहे.