मागच्या डाव्या चाकाचा निकाल

।। श्री ।।

मालवण, चैत्र वद्य पंचमी, शके १८८३

चिरंजीव काशिनाथ यास हरिश्चंद्र वकिलाचे आशीर्वाद. (रागावून बसलेल्या मेव्हण्यालाही ते लागू पडतात. कायद्यात तशी मनाई नाही.) तुझं पित्त कसं आहे? सकाळी उपाशीपोटी कोकमाचं पाणी घेत जा आणि मुंबईचा तो काळाकुट्ट चहा सोड, हे मी तुला हजारदा सांगितलं. पण आमचं ऐकतो कोण! तुझी अक्का बरी आहे. विमला लग्नाच्या गडबडीत जरा वाळली आहे, पण बरी आहे. मी तर ठणठणीत आहे. मोटरीच्या तब्येतीचं मात्र सविस्तर लिहावं लागेल, कारण तिच्यावरूनच तू आमच्याशी अबोला धरलायस.

हकिकत तुला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. वकिलाला मधूनच सुरुवात करता येत नाही. तू तुझी काळी मोटर गेल्या दिवाळीत मला दिलीस. कसालच्या उतारावर पहिल्यांदा तिच्या बुडातून ‘खडाक्-खट्’ असा आवाज आला. मी दुर्लक्ष केलं. मग विमलाच्या साखरपुड्याला आपण सगळे खारेपाटणला गेलो, आणि आपण सगळे बाहेरच उतरल्यावर रिकामी मोटर व्याह्यांच्या अंगणात शिरताना अशी काही खडखडली, की भटजी मंत्र विसरले. तेव्हा चारचौघांत मी एवढंच म्हणालो, की मुंबईला नकोशी झालेली वस्तू आमच्या मेव्हण्याने आमच्या गळ्यात बांधली. गमतीने म्हणालो. (आवाज जरा चढला असेल. बहिऱ्या न्यायाधीशांपुढे उभं राहून राहून तो चढतोच.) तू भरल्या पानावरून उठलास आणि उंबऱ्यात उभा राहून म्हणालास, दोष माझ्या गाडीत होता की तुमच्या वापरण्यात, ते ठरल्याशिवाय तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. आता लग्न वैशाखात. मामा नसला तर मुलीला मांडवात आणणार कोण? म्हणून बाकीची सगळी कामं बाजूला ठेवून मी हे प्रकरण हाती घेतलं.

प्रथम डिकी रिकामी केली. जॅक, त्याचा दांडा, जास्तीचं चाक, दोन सोललेले नारळ आणि माझी हरवलेली एक चप्पल (दुसरी मी शिमग्यातच रागाने फेकून दिली होती) एवढा मुद्देमाल बाहेर काढला. बाबू ड्रायव्हरने गाडी बंदरापर्यंत नेऊन आणली. खडाक्-खट्. म्हणजे डिकी निर्दोष. मग मोटर कणकवलीला सत्यवान मेकॅनिककडे नेली. हा मनुष्य गाडी न बघताच निदान करतो. बिडी न विझवता, बाकावरून न उठता त्याने सांगितलं, शॉकॲब्सॉर्बर गेला. तो बदलला, आवाज राहिला. मग म्हणाला, दुसऱ्या बाजूचाही गेला. तोही बदलला. मग म्हणाला, आता अख्खा मागचा धुरा सोडवून बघूया. मी म्हटलं, बाबा रे, तू आधी गाडीखाली वाकून तरी बघ! तर म्हणतो, कमरेत उसण भरलीय. जो स्वतःच्या कमरेतली उसण काढू शकत नाही तो मोटरीच्या कमरेतला आवाज काय काढणार? मी गाडी परत आणली.

वाटेत बाबूने आपलं मत दिलं. हा बाबू देवाला गाऱ्हाणी घालणाऱ्या घाडी घराण्यातला, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीमागे कोणीतरी उभा दिसतो. त्याचं म्हणणं, “वकीलसायबानू, गाडी वाजता ती नेमकी मोरयेर. थंय देवचाराची वाट आसा. तो मागसून काठी आपटीत येता.” मी सुशिक्षित मनुष्य, असल्या गोष्टी मानत नाही. पण मुलीच्या मामाचा प्रश्न होता, म्हणून ओढ्यावरच्या त्या मोरीवर गाडी उभी करून देवचाराला नारळ ठेवला. बाबूने गाऱ्हाणं घातलं: “बा देवा म्हाराजा, ही गाडी तुझ्या वाटेन येता-जाता, तिच्याकडसून काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल, आणि तिच्या मागची पीडा भायर काढ रे म्हाराजा!” ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा काळा कोट सावरून ते मीच म्हटलं. (नेमके त्याच वेळी आमचे सरकारी वकील सायकलवरून गेले. ही गोष्ट आता सगळ्या बाररूममध्ये पसरली आहे.) बाबूने गाडी सुरू केली मात्र, खडाक्-खट्! बाबू खूश. म्हणाला, देवान मान्य केल्यान.

शेवटी छडा लावला तो हौसाआत्याने, आणि तेही नकळत. तिला आंगणेवाडीहून परत आणायचं होतं. आमच्या आत्याचा देह तू पाहिला आहेस. ती मागच्या सीटवर डाव्या अंगाला बसली, आणि मोटर अशी गुमान चालू लागली जशी सासूपुढे नवी सून. उतार गेला, मोरी गेली, चूं नाही. घरी आत्या उतरली, बाबू गाडी मागे घ्यायला गेला, आणि पुन्हा खडाक्-खट्! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबूला गाडी मागेपुढे करत राहायला सांगून मी आत्याला म्हटलं, बस. बसली. आवाज नाही. म्हटलं, उतर. उतरली. आवाज! मग उजवीकडे बसवली, आवाज. पुन्हा डावीकडे, शांत. असं मी तिला सगळ्या आळीसमोर चढ-उतर करायला लावलं. अखेर ती कडाडली, “मेल्या, मी काय भाताचो पोतो?” आणि ती जी आत गेली ती अजून माझ्याशी बोलत नाही. (म्हणजे या मोटरीपायी दोन माणसं बोलायची थांबली.)

पण वजन पडलं की आवाज बंद, तोही डावीकडेच, याचा अर्थ सरळ होता. मी धोतर खोचलं, गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली शिरलो. तुझ्या अक्काला मागचा बंपर धरून गाडी वरखाली हलवायला सांगितली. (तिने एवढ्या जोराने हलवली, की जुना हिशेब चुकता करते आहे असं वाटलं.) मी एकेका सांध्यावर हात ठेवत गेलो. धुरा गप्प. शॉकॲब्सॉर्बर गप्प. डाव्या स्प्रिंगचा पाटा मागच्या टोकाला जिथे शॅकलच्या कडीने टांगलेला असतो तिथे हात ठेवला, आणि सापडला रे सापडला! दर झोक्याला आतला पिन टणकन उडत होता. पाट्याच्या त्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या भोकात, पिनभोवती रबराचा बुश असतो. तो झिजून चघळलेल्या सुपारीसारखा झाला होता. गाडीत वजन असलं की पिन दबून राहतो. रिकामी असली की नाचतो. मी तिथूनच ओरडलो, “गावलो!” अक्काला वाटलं मी चेंगरलो. ती रडायलाच लागली.

तेव्हा काशिनाथा, निकाल ऐक. दोष तुझ्या गाडीचा नाही आणि माझ्या वापरण्याचाही नाही. दोष रबराचा आहे. रबर झिजतं, त्याला मेव्हणा काय करणार आणि भावोजी काय करणार? मी हा निकाल खारेपाटणला व्याह्यांनाही पत्राने कळवला आहे, ज्या मंडळींसमोर मी बोललो त्यांच्या समोर वाचून दाखवा असं मुद्दाम लिहिलं आहे. तुझी अट पुरी झाली. याउपर काही म्हणणं असल्यास समक्ष हजर राहून मांडावं.

तुझा,
हरिश्चंद्र

ता. क. नवे बुश इथे मिळत नाहीत. कणकवलीत नाहीत, वेंगुर्ल्यात नाहीत. मुंबईत मिळतील. पोस्टाने पाठवू नकोस, रबर उन्हात खराब होतं. ज्याला त्यातलं कळतं अशा माणसाने ते स्वतः हातात घेऊन आगबोटीने यावं, हे उत्तम.

ता. क. दुसरा. रिकामी मोटर अजून वाजते आणि आत्या तर बसायला तयार नाही. म्हणून तुला उतरवून घ्यायला बंदरावर येताना मागच्या सीटवर डावीकडे मलाच बसून यावं लागेल. त्याला इलाज नाही. गैरसमज करून घेऊ नकोस.

ता. क. तिसरा. मांडवात मुलीला माझ्या चुलतभावाने आणावं असं मी सुचवून पाहिलं. विमला म्हणाली, मग मी चालतच येत नाही. पोरगी हट्टी आहे. तुमच्या घराण्यावर गेली.

काशिनाथा, पाकीट डकवूक माझ्याकडे दिल्यानी, म्हणान उरलेल्या जाग्यात मी लिवतंय. बुश हाडू नको. ह्येनी जुन्या टायराचो रबर कापून बुश केल्यानी नि सोताच बसवल्यानी. त्या दिसापासून गाडी वाजना नाय. रिकामी नाय, भरलेली नाय. काल मी नि विमला तिच्यातसूनच देवळात जावन इलंव. तरी ह्ये रोज सांगतत, गाडी वाजता, बंदरार माकाच जावक व्होया. कोट धुवन ठेवलेलो आसा. तू ये रे बाबा.

तुझी अक्का