स्थळं पळवणारा धोतरा

५ नोव्हेंबर

गेवराईचं स्थळ पळालं! श्रेय धोतऱ्याला.

पाहुणे येणार म्हणून आईनं बैठकीत मोराचं भरतकाम लावलं होतं. मी ते काढलं आणि माझं धोतऱ्याचं चित्र टांगलं – काटेरी फळ, उकललेलं, आत दाटीनं बिया. मुलाच्या आईचा चहा हातातच राहिला. "असलं विखारी फळ कावून काढलं?" मी मान खाली घालून म्हटलं, "आवडतं मला." बाई लगेच उठल्या. त्रिंबकमामा – आईचा भाऊ, स्थळं आणायचा त्याला भारी नाद – माझ्याकडं बघून दातओठ खात होता.

लग्नच नको असं नाही. आधी पुण्याचा वनस्पतिचित्रांचा कोर्स करायचाय, वर्षभराचा. जानेवारीत निवड, सहा चित्रं न्यायचीत. साखरपुडा झाला की कोर्स संपलाच. घरात सगळ्यांना माहीत आहे. मामा म्हणतो, "पाला काढायला पुण्याला कशाला? बांधावर बस की."

९ नोव्हेंबर

बांधावरच बसले मग. भिंगाखाली गाजरगवताचं फूल. लांबून नुसता पांढरा ठिपका, जवळून पाच नाजूक टोकं आणि मधे दाण्यांची गर्दी. गुलाब काय, कुणीही काढतं. ह्याच्याकडं कुणी बघतच नाही, म्हणून मला बघायचंय. एक पान रंगवण्यात दुपार गेली. पाठ मोडली, पण काय सुख!

१४ नोव्हेंबर

आई भाकरी द्यायला आली आणि गाजरगवताच्या चित्रासमोर उभीच राहिली. "जे खुरपून फेकायचं ते काढतीस कावून?" हे तिचं नेहमीचं. आज तेवढं म्हणूनही ती गेली नाही. भिंग मागितलं. चित्र बघितलं, मग बाहेर जाऊन खरं फूल तोडून आणलं आणि तेही बघितलं. "जन्मभर खुरपलं मी हे. असं बघितलं न्हाई कधी."

मला एकदम रडू आलं. शिंक आल्याचं निमित्त केलं.

२२ नोव्हेंबर

मांजरसुंब्याचं स्थळ, ढाबेवाले. ह्या वेळी खाजकुहिली लावली. शेंगेवरची लव अशी उतरलीय की मुलाचे वडील बघता बघता मान खाजवायला लागले. मी ओढणीत तोंड खुपसून हसले.

पण मुलाच्या आईनं घात केला. "पोरगी कलाकार हाय. ढाब्याच्या भिंतीवर आमी कमळं अन् राजहंस काढून घेऊ." पसंती! आठ डिसेंबरला साखरपुडा. मामानं गल्लीत पेढे वाटले.

२३ नोव्हेंबर

राजहंस!!

३० नोव्हेंबर

आज घरात स्पष्ट सांगितलं – मला आधी पुण्याला जायचंय. वडील, म्हणजे अण्णा, म्हणाले, "मानसं चांगली हायेत, योगे. पुन्हा असं स्थळ यायचं न्हाई." माणसं चांगली आहेत हे खरंच. म्हणूनच काही सुचत नाही. सहावं चित्र अर्धं पडलंय आणि त्याला हात लावायची इच्छा नाही.

आई उठून भाकरी थापायला गेली. तेच जास्त लागलं.

२ डिसेंबर

सकाळी आईचा आवाज आला, फोनवर, अगदी काळजीचा. मांजरसुंब्याच्या बाईंशी बोलत होती. "ताई, एक सांगायचं राहिलं. लपवून ठेवलं तर पाप लागंल. आमची पोरगी प्रत्येक पाला काढायच्या आधी चाखून बघती. गेल्या सालात धोतरा चाखला, तर तीन दिवस मलाच 'कोण बाई तुमी?' म्हणत हुती. तसं आता लई बरं हाय तिचं."

मी जन्मात धोतरा चाखलेला नाही.

फोन ठेवून आई माझ्याकडं वळली. "तुझ्या मामाचं मी बघते. तू सहावं चित्र पुरं कर."